सर हम्फ्रीची चौथी भेग

११ ऑगस्ट १९५८

इडिथ रोझमंड गारसाइड, ही दैनंदिनी तुला उद्देशून लिहीत आहे. मृत पत्नीस उद्देशून लिहिणे तर्काला धरून नाही, हे मला मान्य आहे. तेवढी नोंद आरंभीच करून ठेवतो, म्हणजे पुढे त्याची चर्चा नको.

निमित्त असे की उद्यान समितीने मला काम दिले आहे. कोल्डवेलच्या टेकडीवरील पडक्या किल्ल्याची तपासणी करून हिवाळ्यापूर्वी अहवाल द्यावयाचा आहे. समितीच्या चिटणीस प्रोबर्टबाई स्वतः घरी येऊन सांगून गेल्या. मी निवृत्त असल्याचे त्यांना स्मरण करून दिले. जवळपास दुसरा वास्तुविशारद नाही, असे त्यांनी ठासून सांगितले. लडलो गावातच तिघे आहेत, हेही मी निदर्शनास आणले. त्यावर त्या म्हणाल्या, "ते तिघे नकोयत आम्हाला." कारण कळले नाही. काम स्वीकारले.

आज मार्चनंतर, म्हणजे तू गेल्यापासून, प्रथमच किल्ल्यामागची तुझी खोली उघडली. कुंचले बरणीत होते. पाणी वाळून काचेवर हिरवे वर्तुळ राहिले आहे. मेजावर बुरुजाच्या दगडाचा एक तुकडा आणि त्यावरील दगडफुलाचे अर्धवट चित्र. किटलीत पाणी होते. ते ओतून दिले नाही.

खोलीचा भाडेकरार तुझ्या नावे असून मायकेलमासला, म्हणजे २९ सप्टेंबरला, संपतो. तो पुढे माझ्या नावे करून मिळावा, असा अर्ज अहवालासोबत जोडण्याचा विचार आहे. खोलीचा मला उपयोग काय, असे कोणी विचारल्यास काय उत्तर द्यावे, हे अद्याप ठरलेले नाही.

१४ ऑगस्ट

पाहणीस प्रारंभ केला. सोबत गवंडी सेल्विन प्रीस.

सर हम्फ्रीला मिठाच्या व्यापारात पैसा मिळाला, जमीन मिळाली, 'सर' हा किताब मिळाला; पूर्वज तेवढे मिळाले नाहीत. हवेलीच्या भोजनगृहातून टेकडीवर काहीतरी कोसळलेले दिसावे, म्हणजे या घराण्याचे किल्ले पिढ्यान्‌पिढ्या पडत आले आहेत असे पाहुण्यांस वाटेल, या हेतूने त्याने १७५६ मध्ये हा पडका किल्ला नवाकोरा बांधून घेतला. हवेलीकडून पाहिले तर अर्धा बुरूज, तुटलेली तटभिंत आणि काच नसलेली उंच कमानदार खिडकी. वळसा घालून मागे गेले की विटांची एक खोली, एक धुराडे आणि एक साधे दार.

शिडीवरून तुटक्या कडेची तपासणी केली. जेथे भिंत ढासळल्याचा देखावा आहे, नेमके तेथेच सर्वोत्तम काम आहे. आता निसटेल असा भासणारा प्रत्येक दगड आतून भिंतीत खोलवर रुतवलेला आहे. माथ्यावरचे पाणी कोठे वाहून जावे याचाही विचार केला आहे. आयव्हीची वेलदेखील आपोआप उगवलेली नाही. तिच्या मुळासाठी पायथ्याशी मुद्दाम दगडी खळगा ठेवला आहे. उलट मागची खोली, जी पाहुण्यांना दिसायचीच नव्हती, ती पातळ विटांची आणि उथळ पायाची. जे मोडलेले दिसते ते पक्के, आणि जे धड दिसते ते तकलादू. अहवालात हे वाक्य असे घालता येणार नाही. फार अलंकारिक आहे.

प्रीस शिडी धरून उभा होता. म्हणाला, "मी जन्मभर भिंती सरळ बांधल्या साहेब, कुत्रं फिरकलं नाही बघायला. हा बाबा मोडकी बांधून गेला, तर बस भरभरून माणसं येतात."

त्याच्या बोलण्यावर मी हसलो, असे तो नंतर म्हणाला. माझ्या लक्षात आले नव्हते.

१५ ऑगस्ट

दिवसभर पाऊस. अंडे उकडत ठेवले आणि विसरलो. भांडे टाकून द्यावे लागले.

२२ ऑगस्ट

भेगांची तपासणी. पर्यटकांसाठीच्या माहितीपत्रकात मी सर हम्फ्रीच्या चार कृत्रिम भेगांचे वर्णन केले आहे, हे तुला आठवत असेल. बुरुजावर दोन, तटभिंतीवर एक, आणि चौथी मागे, तुझ्या खोलीच्या भिंतीवर, धुराड्याच्या बाजूने खिडकीच्या कोपऱ्यापर्यंत उतरणारी. पत्रक छापून आले तेव्हा तू विचारले होतेस की जी बाजू कोणी पाहणारच नव्हते, तिकडे भेग करण्याचा खटाटोप त्याने का केला असेल. खरा कलावंत पाठीमागचे कामही अपुरे ठेवत नाही, असे मी उत्तर दिले. तू "हं" म्हणालीस आणि पुन्हा चित्राकडे वळलीस.

शिस्त म्हणून चारही भेगांवर काचेच्या पट्ट्या बसवल्या. दोन्ही टोके गिलाव्यात पक्की केली आहेत. भिंत तसूभर जरी हलली तरी काच तडकेल. चौथीवर पट्टी बसवताना प्रीस म्हणाला की हिची काही गरज नाही. त्याच्या आजोबांच्या तोंडीही किल्ल्याच्या भेगांचे कौतुक असे. कोणत्या भेगांचे, ते त्याला सांगता आले नाही.

२६ ऑगस्ट

प्रोबर्टबाई मटणाची पाई घेऊन आल्या. या महिन्यातली ही तिसरी. इतके अन्न एका माणसाला लागत नाही, असे मी सौजन्याने सांगितले.

"तुम्ही घरी रांधता का हो काही," त्यांनी विचारले, "की नुसतं वेळापत्रक करता?"

जेवणखाणाचे वेळापत्रक भिंतीवर लावलेले होते. त्यांनी ते वाचले, ही गोष्ट मला रुचली नाही.

त्यांचे मुख्य काम निराळे होते. दरवर्षी सप्टेंबरात समिती टेकडीवर लोकांसाठी चहा ठेवते. यंदा तो तुझ्या खोलीत, तुझी चित्रे भिंतीवर लावून, तुझ्या स्मरणार्थ व्हावा, असे सर्वानुमते ठरले आहे. तारीख २० सप्टेंबर. मी विचार करून कळवतो म्हणालो. त्या गेल्यावर, विचार करण्याजोगे त्यात काय होते, हे मलाच सांगता येईना. सायंकाळी जाऊन होकार कळवला.

२ सप्टेंबर

चौथ्या भेगेवरची काच तडकली आहे. उरलेल्या तिन्ही शाबूत. काच सदोष असावी. नवी पट्टी बसवली.

७ सप्टेंबर

दुसरी पट्टीही तडकली. परवा रात्री वारा जोराचा होता, हे नमूद करणे आवश्यक आहे. तिसरी बसवली. ही जाड काचेची आहे. जाड काच वापरणे पद्धतीस धरून नाही. पातळ काच वापरतात, ती लवकर तडकावी म्हणूनच. तरीही जाड वापरली.

१२ सप्टेंबर

समितीचे सभासद पाहणीस आले. अध्यक्ष कर्नल फोदरगिल यांनी निर्णयाची रूपरेषा सांगितली. विटांचे काम पक्के असल्याचे मी लिहून दिले, तर खोली राहील, करार माझ्या नावे होईल आणि दारावर तुझ्या नावाची लहानशी पाटी बसेल. पक्के नसेल, तर मागची बाजू संपूर्ण उतरवायची आणि फक्त दर्शनी दगडी भाग ठेवायचा. "पण तसा काही प्रश्नच नाही, काय गारसाइड?" असे म्हणत त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

त्यानंतर ते चौथ्या भेगेपाशी गेले, आपल्या काठीचे टोक तिच्यात घातले आणि सर्वांना बोलावले. "बघा, बघा. काय हात होता लेकाच्याचा. अगदी खरी वाटते." सगळ्यांनी माना डोलावल्या. एका बाईंनी माझे पत्रक काढून चौथ्या भेगेचा परिच्छेद मोठ्याने वाचला. वाचन चांगले झाले.

मी काठीकडे पाहत होतो. काठीचे टोक मागील वर्षी त्या भेगेत शिरले नसते. आज ते वीतभर आत गेले.

१५ सप्टेंबर

आज एकटाच गेलो. दुपारचे ऊन मागच्या भिंतीवर होते. आरशाने ऊन भेगेत पाडून आत पाहिले.

सर हम्फ्रीच्या तिन्ही भेगांच्या कडा छिन्नीने घडवलेल्या आहेत आणि आत दगडफूल दाटले आहे. दोनशे वर्षांचा ओलावा तेथे वस्तीला आहे. चौथीच्या कडा कोऱ्या आहेत. विटा मधोमध मोडल्या आहेत, आणि मोडल्या जागी त्यांचा रंग भट्टीतून आज काढल्यासारखा लालभडक आहे. तिच्यावर दगडफुलाचा एक ठिपकाही नाही. जाड काच तडकलेली नाही, परंतु तिच्या एका टोकाचा गिलावाच उखडून आला आहे.

खोलीत येऊन बसलो. छपरातून माती पडते आहे, मेजावर तिचा बारीक थर होता. तुझ्या चित्रावरही होता. फुंकर घालून तो काढला.

जगात असा माणूस विरळा असेल की ज्याच्या घराला भेग पडली आणि शेजाऱ्यांनी तिची वाहवा केली. या एका ठिकाणी ते शक्य आहे. मी गप्प बसलो, तर ही भेग आणखी किती काळ वाहवा मिळवील, हे सांगता येत नाही. कदाचित बरीच वर्षे; मग मला खोली मिळेल. कदाचित येत्या शनिवारपर्यंतच. त्या दिवशी येथे चहाला माणसे दाटीवाटीने बसलेली असतील.

ही भेग खरी आहे. येथे लिहिले म्हणजे कोठेतरी लिहिले गेले.

१६ सप्टेंबर

अहवालाचे दोन मसुदे केले. दोन्ही व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत.

१७ सप्टेंबर

सकाळी प्रोबर्टबाईंकडे गेलो. त्या आलुबुखाराची चटणी शिजवत होत्या. व्हिनेगरच्या वासाने घर भरले होते. त्यांनी मला स्वयंपाकघरातच बसवले. मी टोपी हातात घेऊन बसलो.

"चौथी भेग सर हम्फ्रीने केलेली नाही," मी म्हणालो.

त्या ढवळत राहिल्या. "मग कोणी केली?"

"कोणीच नाही. पाया खचत आहे. शनिवारी त्या खोलीत कोणालाही बसवता येणार नाही. शनिवारीच नव्हे, केव्हाही."

"किती दिवस झाले कळून?"

"काचेने दोन तारखेस सांगितले होते. मी ऐकले परवा."

त्यांनी पळी खाली ठेवली. "आणि खोली? ती पाडतील ना मग?"

"होय."

"हे तुम्ही न सांगता चाललं असतं. कर्नलला तर ती भेग घरी घेऊन जायची होती."

"चालले असते," मी म्हणालो. "म्हणूनच आलो."

चटणी तळाला लागत होती. मी तसे सुचवले.

"लागू दे," त्या म्हणाल्या. "मी असते तर बोलले असते की नाही, सांगवत नाही मला. ह्यूची शिडी अजून शेडमध्ये आहे. किडलीय पार. कोणी मागायला आलं की सांगते, ह्यूला लागते ती. सहा वर्षं झाली नवऱ्याला जाऊन, आणि मी त्याला शिडीवर चढवतेय." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तो कोट काढा बघू. मार्चपासून जाल तिथे कोट घालून बसताय, जणू गाडी दाराशी उभी आहे."

कोट काढला. पाव, चीज आणि किंचित करपलेली चटणी त्यांनी पुढे ठेवली. दोनदा घेतले. भूक लागली होती, याची कल्पना नव्हती.

निघताना मी विचारले की लडलोच्या त्या तिघांना काम का दिले नाही. "अगोबाई, अजून तिथेच आहात का?" असे म्हणून त्यांनी दार लावून घेतले.

१८ सप्टेंबर

अहवाल सादर केला. अर्ज जोडला नाही.

२० सप्टेंबर

चहा किल्ल्यापुढील गवतावर झाला. तुझी चित्रे प्रीसने दोऱ्या बांधून कमानदार खिडकीत टांगली. काच नसल्याने वारा आरपार येत होता आणि दगडफुले दगडासमोर हलत होती. हे तुला आवडले असते की तू कागद ओलसर होईल म्हणून चिडली असतीस, याबद्दल माझा निर्णय होत नाही. बहुधा दोन्ही, त्याच क्रमाने.

मागच्या बाजूस दोरी लावली होती. लोक दोरीपर्यंत येत. ज्यांनी विचारले त्यांना मी खुलासा केला की पत्रकातील चौथ्या परिच्छेदात माझी चूक झाली असून ही भेग अस्सल आहे. त्याचा परिणाम अनपेक्षित झाला. हेरफोर्डहून आलेल्या एक बाई बराच वेळ तिचे निरीक्षण करत होत्या. माझे ऐकल्यावर त्यांचा चेहरा पडला.

"म्हणजे ही खरंच पडतेय?"

"होय, बाई."

"अरेरे. मग त्यात काय विशेष? तशी तर आमच्या न्हाणीघरातपण आहे."

आणि त्या खऱ्याखुऱ्या खोट्या भेगा पाहण्यास बुरुजाकडे निघून गेल्या. प्रोबर्टबाई चहाची किटली हातात घेऊन तेथेच उभ्या होत्या. त्या एवढ्या हसल्या की किटली खाली ठेवावी लागली. मीही हसलो. या वेळी लक्षात आले. हसता हसता ते दुसऱ्याच कशाकडे वळले आणि मला दोरीपलीकडे, भिंतीकडे तोंड करून काही काळ उभे राहावे लागले. भिंतीपासून मी सुरक्षित अंतर राखले होते. प्रोबर्टबाईंनी येणाऱ्या मंडळींना दुसरीकडे वळवले. त्यांना मोठ्या आवाजात सांगितले की गारसाइड मोजमाप घेत आहेत.

२१ सप्टेंबर

रविवार. चर्चमध्ये पुढून तिसऱ्या बाकावर, आपल्या जागी बसलो. प्रार्थनेनंतर कर्नल म्हणाले की त्यांना काठीचे फार वाईट वाटते. त्यांनी भेग मोठी केलेली नाही, असे मी लेखी देण्याची तयारी दर्शवली.

२५ सप्टेंबर

प्रीसने खोलीच्या भिंतीस बाहेरून लाकडी टेकू दिले आणि मग मला आत जाऊ दिले. त्याच्या दोन अटी होत्या. भिंतीवर खिळा ठोकायचा नाही, आणि तो दारात उभा असेल तेव्हाच आत थांबायचे. अटी योग्य होत्या.

सामान आवरले. रंग, कागद, तुझी शाल, पायांखालची चटई. अर्धवट चित्र आणि तो दगडाचा तुकडा एका डब्यात घातले. दगडफूल वाढत आहे. तू रंगवलेल्या कडेच्या ते थोडे बाहेर आले आहे. चित्र पूर्ण करण्यासाठी आता नमुना जुळत नाही. हे पाहून खेद झाला नाही, याचे नवल वाटले.

प्रीस बाहेरून म्हणाला की एकदा पाऊस चुकवायला तो आत आला होता, तेव्हा तू त्याला चहा दिला होतास आणि दगडफुलाचे नाव सांगितले होतेस. मी विचारले, कोणते नाव. "ते काही राहिलं नाही, साहेब. चहा चांगला होता." नंतर पुढे म्हणाला, "बाईसाहेब म्हणायच्या, आमचे साहेब घराला बोलतात, माणसांना नाही." आणि मग घाईने म्हणाला की तू ते तक्रार म्हणून म्हटले नव्हतेस.

मी त्याच्याकडे त्याच्या मुलीची चौकशी केली. मुलगी नाही, दोन मुलगे आहेत. धाकट्याला गवंडीकाम शिकायचे नाही; त्याला रेडिओ दुरुस्त करायचे आहेत. यावर आम्ही बराच वेळ बोललो.

२९ सप्टेंबर, मायकेलमास

हवा स्वच्छ. सकाळी टेकडीवर गेलो. प्रीस आणि प्रोबर्टबाई आधीच आले होते.

आमच्या भागात जुन्या भाडेकरूने जागा सोडताना चूल झाडून ठेवावी आणि येणाऱ्यासाठी सरपण रचून ठेवावे, पेटवू नये, अशी रीत आहे. माझ्या आईने ती तीन घरांत पाळली. मी चुलीतील राख काढली, कठडा पुसला, खाली कागद, त्यावर काटक्या, त्यावर बारीक लाकडे अशी रचना केली.

प्रीस दारातून पाहत होता. "साहेब, गुरुवारी आम्ही हे धुराडं उतरवणार."

"मला कल्पना आहे."

"मग येणार कोण हो इथे?"

"कोणीही नाही," मी म्हणालो. "पण जाणारा मी आहे."

त्याने विचार केला, बाहेर गेला आणि टेकूंच्या लाकडातून उरलेला एक कोरडा तुकडा आणून मला दिला. तो सर्वांत वर ठेवला. प्रोबर्टबाईंनी आत डोकावून पाहिले आणि म्हणाल्या की ढीग डावीकडे कलला आहे. तो कलला नव्हता. तरी मी सरळ केला.

मग आम्ही तिघे बाहेर आलो. मी दार ओढून घेतले, कुलूप लावले, ओढून पाहिले. दोन्ही किल्ल्या प्रोबर्टबाईंच्या हाती दिल्या आणि पोच घेतली नाही.